गावातल्या पुरुषांना प्रोस्टेटच्या तपासणीबद्दल कसं सांगायचं

रक्त काढायची घाई आधी सोडा. शिबिरात पन्नास जणांचं पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) करायचं, कागद हातात द्यायचा, आणि आकडा वाढलेला आलेल्या माणसाने रात्रभर छताकडे पाहत पडायचं, हे बरोबर नाही. आधी बोलणं, मग ज्याची इच्छा असेल त्याचीच सुई.

अमेरिकेतल्या आफ्रिकन-अमेरिकन पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर जास्त आढळतो. साधारण सहांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी होतो, मृत्यूचं प्रमाणही गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट. दवाखान्यावरचा जुना अविश्वास ओळखून तिथे ही माहिती कटिंगच्या दुकानात आणि चर्चमध्ये दिली जाते. त्यांचे आकडे आपल्याला लावू नका, रीत मात्र घ्या: पुरुष जिथे आधीच बसतात तिथे जा.

आपल्याकडे ती जागा म्हणजे पार, सलून, किंवा सामुदायिक प्रार्थनेनंतरची बैठक. होळी ते मृग हा काळ बरा, तोही रात्री आठनंतर. कापूस वेचणीत कोणी थांबणार नाही. बोलायला पुरुष आरोग्यसेवक हवा. आशाताई बहुधा गावचीच सून असते, तिच्यासमोर सासरे-जेठ लघवीचा शब्द काढणार नाहीत. घरांची माहिती मात्र तिच्याकडूनच घ्या.

सोबत एक संत्रं आणि सलाइनच्या नळीचा तुकडा न्या. खरी ग्रंथी मोठ्या आवळ्याएवढी असते, पण दाखवायला संत्रं सोपं. मधल्या पोकळीतून नळी आरपार घाला: ही लघवीची वाट. वयानुसार आतल्या फोडी फुगतात, नळी दबते, धार बारीक होते, रात्री चारदा उठावं लागतं. हा बहुतेक वेळा कॅन्सर नसतो. आता सालीवर मागच्या बाजूला पेनाने ठिपका द्या. कॅन्सर बहुधा असा बाहेरच्या भागात सुरू होतो, नळीला धक्काही लागत नाही, म्हणून सुरुवातीला त्रास जाणवत नाही. डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून तपासतात ते हा ठिपका चाचपायला, मिनिटभराचं काम. एवढं हाताने दाखवलं की ‘मले तर काहीच त्रास नाही’ याचं उत्तर आपोआप मिळतं.

मग घरचा इतिहास. ‘वडिलांना कॅन्सर होता का?’ असं थेट विचारू नका, आजाराचं नाव घरात दडवलेलं असतं. असं विचारा: बाबांची लघवी बंद होऊन नळी लावली होती का? अंडगोळ्या काढायचं ऑपरेशन झालं होतं का? शेवटी हाडं दुखत होती का? यावरून कॅन्सर ठरत नाही, पण जुने कागद शोधायला लावा. बाप किंवा भाऊ याच आजाराचा असेल तर ४५ पासून डॉक्टरांशी बोलावं, नाहीतर ५० पासून. सत्तरीनंतर त्रास नसेल तर ही तपासणी सहसा करत नाहीत.

पीएसएला उपाशीपोटी जायची गरज नाही. दोन दिवस आधी संबंध टाळा, सायकलवर लांबची रपेट नको. उन्हाळी लागली असेल, म्हणजे लघवीला जळजळ असेल, तर लघवी तपासून उपचार करा आणि सहा-आठ आठवडे थांबा, नाहीतर आकडा फुगून येतो. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी चालू असेल तर आकडा जवळपास निम्मा दिसतो. गोळ्यांचं पाकीटच सोबत न्या.

साधारण ४ च्या वर आकडा जास्त मानतात. ४ ते १० मध्ये चारांपैकी सुमारे एकालाच कॅन्सर निघतो, म्हणून आधी काही आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा, बायोप्सी (सुईने ग्रंथीचा तुकडा काढून तपासणं) त्यानंतर. हेही लपवू नका: कित्येक गाठी फार हळू वाढतात, आणि उपचाराने लघवी गळणं किंवा नपुंसकत्व येऊ शकतं. ऐकून कोणी नाही म्हणाला तर तो त्याचा हक्क.

लघवीतून रक्त दिसलं तर शिबिराची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांकडे. लघवी तुंबली तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय. कंबर दुखून पायातली ताकद जात असेल तर थेट नागपूरचं मेडिकल किंवा सेवाग्राम.

तिशीनंतरच्या सरकारी मोफत कॅन्सर तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, प्रोस्टेट नाही. म्हणून पीएसए कुठे होतं आणि किती पैसे लागतात हे बैठकीआधीच विचारून ठेवा. कॅन्सर निघालाच तर फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार लागेल. आकडा वाढलेल्या प्रत्येकाचं नाव वहीत लिहा, बाजूला दुसऱ्या तपासणीची तारीख आणि त्याच्यासोबत एसटीने कोण जाणार, त्याचं नाव.