कॅडेन्स आणि नॉन-कॉर्ड टोन: थिअरीच्या पेपरात या चुका टाळा

पाश्चात्त्य संगीताच्या थिअरीच्या वह्या तपासताना बहुतेक चुका मला एकाच सवयीतून आलेल्या दिसतात. मुलं कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) उभी वाचतात, आडवी चाल बघतच नाहीत. सूर कुठून आला, पुढे कुठे गेला, हे आधी बघा.

पण सुरुवात कॅडेन्सच्या, म्हणजे फ्रेज (सुरावटीचं वाक्य) संपवणाऱ्या कॉर्डच्या जोडीच्या, नावांपासून, कारण हकनाक मार्क इथेच जातात. परीक्षा ब्रिटिश बोर्डाची आणि अभ्यास अमेरिकन व्हिडिओंवरून, म्हणजे घोळ ठरलेला. ब्रिटिश पद्धतीत ‘इम्परफेक्ट’ म्हणजे पाचव्या कॉर्डवर (स्केलच्या पाचव्या सुरावर बांधलेल्या) थांबणं; अमेरिकेत त्याला ‘हाफ’ म्हणतात. त्यांचं ‘इम्परफेक्ट ऑथेंटिक’ पाचवीवरून पहिलीवरच येतं, फक्त शेवटी वरच्या आवाजात ‘सा’ नसतो किंवा एखादी कॉर्ड इन्व्हर्जनमध्ये असते (तळाला तिचा मूळ सूर नसतो). दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

पाचवी-पहिली दिसली की लगेच ‘कॅडेन्स’ लिहू नका. फ्रेज तिथे संपते का? बाखच्या कोरालमध्ये (चार आवाजांतल्या चर्चगीतांमध्ये) फर्माटाची, म्हणजे थांबण्याची, खूण ते सांगते; इतरत्र गाऊन बघा, श्वास कुठे घ्यावासा वाटतो ते कळेल.

मायनरमध्ये सातवा सूर चढवायला विसरू नका. ए मायनरच्या पाचव्या कॉर्डमध्ये जी शार्प हवा.

आता सगळ्यात फसवी जागा. सी मेजरमध्ये खाली जी, वर सी आणि ई. पुढच्या मात्रेला जी तसाच राहतो, सी उतरतो बीवर, ई डीवर. मुलं आधीच्या कॉर्डला ‘पहिली’ म्हणून मोकळी होतात. अक्षरं पहिलीचीच आहेत, पण ती विसावत नाही, पाचवीकडे ओढते. सी आणि ई हे पाचवीवरचे अलंकार, म्हणजे नॉन-कॉर्ड टोन (कॉर्डबाहेरचे सूर), समजा.

सस्पेन्शनचंही (आधीच्या कॉर्डचा सूर पुढच्या कॉर्डवर अडकवणं) तसंच. जी सेव्हनमधला (जी-बी-डी-एफ) अल्टोचा, म्हणजे वरून दुसऱ्या आवाजाचा, एफ सी कॉर्ड आल्यावरही धरून ठेवला आणि मग ईवर उतरवला, तर ते ४-३ सस्पेन्शन (तळाच्या सीपासून चौथा सूर तिसऱ्यावर येतो). तयारी, अडकणं, सुटका, तिन्ही एकाच आवाजात हवीत. तोच एफ उडी मारून आला आणि एका पायरीने उतरला, तर तो अपोजिआतुरा. पायरीने येऊन त्याच दिशेने पुढे गेला तर पासिंग, माघारी फिरला तर नेबर.

अडलात तर कीबोर्डवर एफ वगळून थेट ई वाजवा. खालची सी कॉर्ड स्वच्छ ऐकू आली, तर एफ पाहुणा. मग मागचा सूर बघा आणि नाव लिहा.