रंग बदलणाऱ्या पॉलिमरवर काम करायचंय? आधी वाळवायला शिका

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक फिल्म जवळजवळ कचऱ्यात टाकली होती. चार महिने खपून केलेली, नखाएवढी पॉलिमरची फिल्म. आदल्या दिवशी मोरपिसासारखी हिरवी चमकत होती. मी ती पाण्याने धुऊन रात्रभर वाळत ठेवली. सकाळी पाहिलं तर रंग पूर्ण गेलेला, नुसता दुधी तुकडा. लॅबमधल्या सीनियरने काही न बोलता त्यावर इथेनॉलचा एक थेंब सोडला. थेंब उडून गेला आणि तेवढ्याच गोल जागेत हिरवा रंग परत आला. हा विषय मला खऱ्या अर्थाने त्या दिवशी कळला.

ही शेप मेमरी, म्हणजे बदललेला आकार सोडून मूळ आकारात परतण्याचा पॉलिमरचा गुण. शेप मेमरी म्हटलं की आपल्याला उष्णता आठवते. इलेक्ट्रिशियन वायरच्या जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवून गरम करतो, ती आकसते, तेच तत्त्व. पॉलिमरच्या रेणूंच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे जोड, म्हणजे क्रॉसलिंक, मूळ आकार धरून ठेवतात. ग्लास ट्रान्झिशन तापमानाच्या (ज्याच्या वर पॉलिमर मऊ आणि खाली कडक असतो) वर नेऊन ताणायचं आणि ताणलेलं असतानाच थंड करायचं, की तात्पुरता आकार गोठतो. पुन्हा गरम केलं की साखळ्या मूळ जागी परततात. पुस्तकात एवढंच असतं, आणि मुलाखतीत हे नीट सांगता यायलाच हवं.

आमच्या फिल्ममध्ये मात्र रंगद्रव्य नाही. रंग आहे तो आतल्या छिद्रांच्या रांगांचा, ओपल रत्नात असतो तसा. आधी सिलिकाचे एकसारखे गोळे करायचे. त्यासाठी स्टोबर आणि सहकाऱ्यांची १९६८ची पद्धत आजही चालते: टीईओएस (ज्यातून सिलिका तयार होते ते द्रव रसायन), अमोनिया, इथेनॉल, पाणी. काचेवर ते गोळे थरावर थर रचायचे, मधल्या जागेत अ‍ॅक्रिलेट मोनोमर (ज्याचा पुढे पॉलिमर होतो ते द्रव) भरून यूव्ही प्रकाशाखाली पक्कं करायचं आणि शेवटी सिलिका विरघळवून टाकायची. ३०० नॅनोमीटरचे गोळे घेतले तर सिलिकाचा थर साधारण ६६० नॅनोमीटरला, म्हणजे लाल दिसतो. सिलिका काढून तिथे हवा आली की तोच नमुना सुमारे ५६० नॅनोमीटरला, हिरवा. ब्रॅगच्या नियमाने (थरांमधल्या अंतरावरून परावर्तित प्रकाशाची तरंगलांबी सांगणारा नियम) हा हिशेब स्वतः कागदावर करून बघा. रंग पाहून आत काय घडलंय याचा अंदाज बांधता येणं हे या कामातलं सगळ्यात उपयोगी कौशल्य आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता माझ्या दुधी तुकड्याकडे येते. पाणी वाळताना छिद्रांमध्ये केशाकर्षणाचा दाब तयार होतो. ५० नॅनोमीटर त्रिज्येच्या वाटेत तो सुमारे २९ वातावरणांइतका भरतो! आमच्या पॉलिमरचं ग्लास ट्रान्झिशन तापमान खोलीच्या तापमानाच्या खाली, म्हणजे भिंती मऊ. त्या कोसळतात, एकमेकींना चिकटतात आणि रांगा मोडल्या की रंग जातो. इथेनॉलचा पृष्ठताण पाण्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. ते आत शिरलं की चिकटलेल्या भिंती सुटतात, क्रॉसलिंक त्यांना मूळ जागी ओढतात, आणि वाळताना भिंती पुन्हा पाडण्याएवढा दाब इथेनॉल आणू शकत नाही. म्हणजे गरम न करताच आकार द्यायचा आणि गरम न करताच परत मिळवायचा. फ्लोरिडा विद्यापीठातल्या पेंग जियांग यांच्या गटाने २०१५ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये हे दाखवलं, शिवाय नुसत्या दाबानेही रंग परत आणता येतो हेही. नवीन मुलांना मी पहिला तोच पेपर वाचायला देते.

म्हणून वहीत फक्त रेसिपी लिहू नका. फिल्म कशातून वाळवली, किती वेळ, त्या दिवशी हवेत आर्द्रता किती, हेही लिहा. पुण्यात जुलैमध्ये गोळ्यांचा थर मे महिन्यासारखा बसत नाही. माझे दोन महिने केवळ ही नोंद नसल्यामुळे गेले.

एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगते. सिलिका काढायला हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. पातळ द्रावण कातडीवर पडलं तर लगेच दुखत नाही, कित्येक तासांनी कळतं आणि तोवर ते आत गेलेलं असतं. फ्यूम हूड, योग्य ग्लोव्ह्ज, प्लास्टिकचंच भांडं (काच ते खातं) आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, यातलं एकही नसेल तर काम सुरू करू नका. गाईड घाई करत असले तरी नाही. शक्य असेल तिथे पॉलिस्टायरीनचे गोळे घेऊन टोल्यूइनमध्ये विरघळवता येतात का, ते आधी विचारा. टोल्यूइनलाही हूड लागतोच, पण धोका त्या जातीचा नाही.

प्रवेशाचं थोडक्यात: केमिस्ट्रीवाल्यांना सीएसआयआर-नेट, इंजिनिअरिंगवाल्यांना गेटच्या एक्सई पेपरमधला पॉलिमर सायन्सचा भाग. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पीएचडी एसीएसआयआर या सीएसआयआरच्या अकादमीमार्फत होते. मुंबईत आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) आणि आयआयटी आहेत. पुढे याच विषयात नोकरी मिळेलच असं नाही, पण यूव्ही क्युरिंग (यूव्हीने पक्कं करणं), कोलॉइड (द्रवात तरंगणारे सूक्ष्म कण) आणि डीएमए (पॉलिमर किती ताठ किंवा मऊ ते मोजणारं यंत्र) हाताळता येणारा माणूस रंग, शाई, चिकटद्रव्यं, चष्म्यांचे लेप अशा उद्योगांना लागतो.

गाईडना भेटायला जाल तेव्हा लॅबमध्ये रिफ्लेक्टन्स स्पेक्ट्रोमीटर (परावर्तित रंग मोजणारं यंत्र) स्वतःचा आहे की दुसऱ्या विभागात रांग लावावी लागते, एवढं नक्की विचारा. वाळताना रंग काही मिनिटांत बदलतो, आणि तो बदलत असतानाच मोजावा लागतो.