राखाडी फौज आणि अर्धवट डोंगर: साचलेली कामं उरकताना या चुका टाळा

टेबलावर खेळायच्या लढाईसाठी छोटे शिपाई (मिनिएचर, म्हणजे मिनी) आणि त्यांचे डोंगर-बुरूज बनवून रंगवायचा माझा छंद. त्यातल्या अर्धवट कामांचा माळ्यावरचा खोका खाली काढल्यावर मी आधी मोजदाद केली. प्रायमर (रंगाआधीचा राखाडी थर) मारून सोडून दिलेले एकवीस शिपाई, स्प्रूवरून (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्यावरून) कापलेलेही नाहीत असे चाळीसेक, छत नसलेला एक बुरूज आणि थर्माकोलचे दोन डोंगर. आकडा बघून खोका परत माळ्यावर गेला, तो दोन महिन्यांनीच उतरला. म्हणून सांगते, मोजू नका. हाताला लागतील ते पाच उचला आणि बाकीचं झाकून ठेवा.

पाचच का? पाचव्याच्या कोटाला रंग लावून होईपर्यंत पहिल्याचा वाळलेला असतो. वीस एकदम मांडले तर अख्खी संध्याकाळ नुसते पट्टे रंगवण्यात जाते, चेहऱ्यापर्यंत पोचण्याआधीच कंटाळा येतो. एकेकटा रंगवायला घेतला तर वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) वाळायची वाट बघत बसावं लागतं, आणि त्या रिकाम्या वेळात हात नव्या मिनीकडे जातो. अर्धवट कामांचा ढीग असाच वाढतो.

जुनी तुकडी पुढे नेताना हमखास अडायला होतं ते रंगाच्या छटेपाशी. कोटांना कोणता निळा वापरला होता? मी ट्यूबलाइटखाली अंदाजाने जुळवला. सकाळी खिडकीत नेऊन बघितलं तर अर्धी पलटण जांभळट. आता प्रत्येक तुकडीतल्या एका शिपायाच्या बेसच्या (पायाखालच्या चकतीच्या) खाली मार्करने रंगांची नावं लिहिते. ज्यांनी लिहिलेली नाहीत त्यांनी छटा शोधण्यात रविवार घालवू नये. जुन्या-नव्या सगळ्यांवर एकच तपकिरी वॉश फिरवा आणि सगळ्यांचे बेस एकाच मातीचे, एकाच गवताचे करा. टेबलावर तीन फुटांवरून नजर बेसवर जाते, निळ्यातला फरक कुणाला दिसत नाही.

रंगांच्या बाटल्याही खोक्यात पडूनच होत्या. अॅक्रिलिक नुसता घट्ट झाला असेल तर दोन-चार थेंब पाणी किंवा मीडियम (रंग पातळ करायचं बिनरंगी द्रव) घालून वळणावर येतो. रबराची गोळी झाली असेल तर बाटली टाकून द्या, वाळलेला अॅक्रिलिक परत विरघळत नाही. झाकणाभोवतीची पापडी आधी पुसून काढा, नाहीतर तिचे कण चेहऱ्यावर मुरमांसारखे बसतात. रंग नीट हलावा म्हणून बाटलीत सायकलच्या बेअरिंगचे छर्रे टाकू नका, ते गंजतात आणि पांढरा रंग चहाच्या रंगाचा होतो. स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

आता सगळ्यात जास्त कामं बिघडवणारी गोष्ट: स्प्रे. आपल्याकडे सुट्टी मिळाली की प्रायमरचा कॅन घेऊन माणूस गच्चीवर जातो, मग बाहेर जुलै असो की मे. मे महिन्याच्या दुपारी रंग हवेतच वाळतो आणि मिनीवर पूड होऊन बसतो, बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखं लागतं. लांबून मारलं तरी तेच होतं. साधारण 20 ते 25 सेंटीमीटरवरून, छोट्या छोट्या फटकाऱ्यांत मारायचं. फटकारा मिनीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, आणि पहिला नेहमी एखाद्या रिकाम्या स्प्रूवर. पावसाळ्यात तर कॅन कपाटातच राहू द्या. ब्रशने लावायचा प्रायमर मिळतो, वेळ खातो पण दगा देत नाही.

वार्निशचं दुखणं याहून मोठं, कारण ते शेवटी मारतात. दमट हवेत मॅट वार्निश मारलं आणि सकाळी अख्खी पलटण पांढुरक्या धुक्यात उभी दिसली, हे माझ्याकडे झालंय. लगेच रंग खरवडायला घेऊ नका. कोरडा दिवस बघून त्यावर ग्लॉस वार्निशचा एक हात द्या, बहुतेक वेळा धुकं जातं. ते पूर्ण वाळलं की परत मॅट.

डोंगरांची तऱ्हा वेगळी. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. स्प्रेमधलं सॉल्व्हंट, रबरी सोल्यूशन, नेहमीचं इन्स्टंट ग्लू हे सगळं त्याला खातं. आधी फेविकॉल आणि भिंतीचा उरलेला इमल्शन रंग एकत्र करून दोन हात द्या, खड्डे आणि सांधे विशेष बघून. स्प्रेला राहिलेलं एक भोक पुरतं, वरून सगळं शाबूत आणि आतून डोंगर पोकळ. दोन जाड थर चिकटवताना मधे फेविकॉल थापू नका, हवाच लागत नसल्याने तो आत आठवडाभर ओलाच राहतो. थोडे ठिपके द्या आणि टूथपिक खुपसून थर धरून ठेवा.

डोंगराखालच्या पुठ्ठ्यावर एकाच बाजूने वाळू आणि फेविकॉल लावला की तो वाळताना पापडासारखा वळतो. मागच्या बाजूलाही एक हात द्या आणि रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा. माळ्यावरचं जुनं प्लास्टर ऑफ पॅरिस दमट हवा खाऊन बसलेलं असतं. एका वाटीत थोडं कालवून बघा, घट्ट होत नसेल तर त्याचा मोह सोडा.

जंगलातला पालापाचोळा म्हणून चहाचा चोथा छान दिसतो. पण आपला चहा दूध-साखरेचा! तो चोथा चार पाण्यांनी धुवून कडक उन्हात वाळवला नाही तर आधी मुंग्या येतात, मग बुरशी. रंगीत रांगोळीची माती करायचा मोहही आवरा, पातळ फेविकॉल पडला की ती रंग सोडते. पांढरी रांगोळी घेऊन वरून रंगवा.

मापाचं एक सांगायचं राहिलं. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा दरवाजाहून उंच असला आणि उतारावर अळिवाचं रान माजलेलं असलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. खेळायच्या टेरेनवर (टेबलावरच्या डोंगर-इमारतींवर) तसं चालत नाही, तिथे 28 मिलिमीटरचा शिपाई 25 मिलिमीटरच्या गोल बेससकट उभा राहायला हवा. पायऱ्या प्रमाणात केल्या तर साधारण 5 मिलिमीटरच रुंद होतात आणि शिपाई गडगडतो. पायरी बेसच्या मापाची ठेवा, दिसायला थोडी बेढब झाली तरी. माझ्या बुरुजाचं छत इतकी वर्षं लागलं नाही ते यामुळेच, आत माणूसच मावत नव्हता.

आणि जे खरोखरच वाया गेलंय, जाड थरांनी ज्याचं नाक-डोळे बुजलेत, त्याला डेटॉल. पाणी न घालता, तपकिरी डेटॉलमध्ये काही तास ते रात्रभर बुडवून ठेवा. मग हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, जुन्या टूथब्रशने डेटॉलमध्येच घासा. सगळा रंग सुटेपर्यंत पाण्याचा थेंब लागू देऊ नका, मधेच नळाखाली धरलं तर रंगाचा चिकट लगदा होऊन बसतो. साबणाचं पाणी शेवटी. आमच्याकडे वास दोन दिवस जिन्यापर्यंत होता. शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या, कुणाला लागलं का गं?