अँटेनापॉडमध्ये पॉडकास्टपुरतीच सेटिंग बदला

अँटेनापॉड हे पॉडकास्ट ऐकायचं मुक्तस्रोत ॲप मला फार आवडतं, पण सेटिंग इतक्या आहेत की नवा माणूस बिचकतो. एका निवेदकाचा वेग वाढवायला मुख्य सेटिंगमध्ये गेलं, की बाकीचे पॉडकास्टही धावायला लागतात. म्हणून मुख्य सेटिंग आहे तशीच ठेवा.

१. तो पॉडकास्ट उघडा, वरच्या दातेरी चाकाच्या चिन्हावर टॅप करा.
२. प्लेबॅकचा वेग तिथेच ठरवा. संथ बोलणाऱ्याला १.२५ पुरतो, गाण्यांच्या कार्यक्रमाला मात्र १ च ठेवा, नाहीतर ताल बिघडतो.
३. तिथेच सुरुवातीचे आणि शेवटचे किती सेकंद वगळायचे तेही भरता येतं. दर भागाआधी वाजणारी तीच ती ४० सेकंदांची धून यानेच जाते.

एखादी सेटिंग सापडतच नसेल तर सेटिंगच्या पानावर वरच शोधपट्टी आहे.

फोन बदलताना डेटाबेस, म्हणजे तुमचे पॉडकास्ट आणि ऐकलेल्या भागांची नोंद ठेवणारी फाइल, एक्सपोर्ट करा. एक्सपोर्टचा दुसरा पर्याय ओपीएमएल फाइलचा आहे, पण तिच्यात फक्त पॉडकास्टची यादी जाते, ऐकलेल्या भागांची नोंद जात नाही. आणि डेटाबेस इम्पोर्ट केला की नव्या फोनवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा हे काम अगदी पहिल्यांदा उरका.