कागदावर कन्सल्टंट, कामात नोकरदार: विवरणपत्र भरण्याआधी काय तपासावं

उद्यमबाग-मच्छेतले कारखाने, बेळगावातली रुग्णालयं, खासगी कॉलेजं इथे अनेकांना 'कन्सल्टंट' म्हणून घेतलं जातं. हजेरी, साहेब, रजेचा अर्ज सगळं नोकरीसारखंच. पैसे मात्र १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापून. करारावर काहीही लिहिलेलं असो, आयकर खातं आणि न्यायालयं प्रत्यक्ष काम कसं चालतं ते बघतात. खालचे आकडे, कलमं आणि फॉर्म आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आणि नव्या करप्रणालीचे आहेत.

१. कपातीचं कलम पाहा. आयकर पोर्टलवर फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा तक्ता, उघडा. १९२ म्हणजे पगार. त्याचा फॉर्म १६ (कपातीचा दाखला) मिळतो. १९४जे म्हणजे व्यावसायिक किंवा तांत्रिक सेवा, १९४सी म्हणजे कंत्राट; या दोन्हींचा दर तिमाहीला फॉर्म १६ए मिळतो. करार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल आणि नीट कळत नसेल, तर जाणकाराकडून अक्षर न् अक्षर वाचून घ्या.

२. स्वतःला प्रश्न विचारा. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या निकालात मुख्य कसोटी सांगितली: काम काय करायचं एवढंच नव्हे, कसं करायचं हेही मालक ठरवू शकतो का? त्याच धर्तीवर तपासा. वेळ कोण ठरवतं? अवजारं, लॅपटॉप, सॉफ्टवेअर कुणाचं? दुसरं काम घेता येतं का? काम झालं नाही तरी ठरलेली रक्कम मिळते का? कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मणिपाल हेल्थ सिस्टीम्सच्या प्रकरणात डॉक्टरांना व्यावसायिकच मानलं. त्यांचा मोबदला रुग्णांच्या संख्येप्रमाणे बदलत होता आणि त्यांना पीएफ नव्हता. पण पीएफ नाही एवढ्यावरून कुणी कन्सल्टंट ठरत नाही. सगळी उत्तरं एकत्र धरावी लागतात.

३. हिशेब मांडा. बहुतेकांची फसगत इथेच होते. महिना ४०,००० रुपये घेणाऱ्या कॅड डिझायनरचे (संगणकावर आराखडे काढणाऱ्याचे) १० टक्क्यांनी वर्षाला ४८,००० कापले जातात. वार्षिक ४,८०,००० वर सवलतीमुळे कर शून्य, म्हणून विवरणपत्र भरल्यावर सगळे परत मिळतात आणि माणूस निश्चिंत होतो. परत मिळत नाही तो पीएफ. आधीपासून पीएफ खातं असेल तर, पीएफ कायदा लागू असलेल्या आस्थापनेत मालकाचा वाटा १५,००० च्या पगार-मर्यादेवरही महिना १,८००, म्हणजे वर्षाला २१,६०० होतो. पाच वर्षांनंतरची ग्रॅच्युइटी वेगळी.

मोठ्या रकमेत मोह उलट्या बाजूचा असतो. आयटीतला माणूस महिना १,५०,००० घेतो, वर्षाचे १८ लाख. व्यावसायिकांसाठीच्या अंदाजित उत्पन्नाच्या कलम ४४एडीए खाली निम्मी रक्कमच उत्पन्न धरली तर ९ लाखांवर कर शून्य. हेच पैसे पगार ठरले तर ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १७,२५,००० वर उपकरासह १,५०,८०० रुपये कर. खात्याने उत्पन्नाचं वर्गीकरण बदललं तर हा कर व्याजासह भरावा लागतो. शिवाय कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या ५० टक्के दंड होऊ शकतो. ४४एडीए ठरावीक व्यवसायांनाच आहे, आणि नोकरीला तर नाहीच.

४. खरोखर स्वतंत्र असाल तर तसं वागा. दर कामाचं बिल द्या, मोबदला कामाच्या टप्प्यांशी जोडा, दुसऱ्या ग्राहकांची बिलं जपून ठेवा. ४४एडीए घेतल्यास आयटीआर-४ भरा. कर १०,००० किंवा जास्त होत असेल तर आगाऊ कर १५ मार्चपर्यंत.

५. नोकरीच असेल तर मालकाला लेखी द्या: कपात पगाराच्या कलमाखाली करा, पीएफ लावा. कपात चुकली तर मालकालाही महिना १ टक्का व्याज लागतं, हे पत्रात आवर्जून लिहा. मालकाने नकार दिला आणि तुम्ही ती रक्कम पगार म्हणून दाखवली, तर २६एएसशी मेळ न बसल्याची विचारणा येऊ शकते. करार, हजेरी, ई-मेल जपून ठेवा आणि सीएला दाखवूनच विवरणपत्र भरा.

६. सीमेपलीकडे काम असेल तर जीएसटीही पाहा. निपाणीत राहून कागलच्या कारखान्याला सेवा देणं ही आंतरराज्य सेवा ठरते, तरी वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर केवळ त्या कारणाने नोंदणी लागत नाही. कर्मचाऱ्याने नोकरीत मालकाला दिलेल्या सेवेवर जीएसटी नसतोच. म्हणून उलाढाल २० लाखांवर जाण्याआधीच दुसऱ्या पायरीचं उत्तर पक्कं करा.