‘सत्तावीस’ ऐकून मूल ७२ लिहितंय?
पहिलीत हे हमखास होतं, कारण कानावर सात आधी पडतो. रागावू नका. पुण्यात बोहरी आळीत आइस्क्रीमच्या काड्या मिळतात, त्या आणा. जुड्या मुलांनाच बांधू द्या. दहावी काडी आल्याशिवाय रबर लावायचं नाही, एवढाच नियम. मग डावीकडे दोन जुड्या, उजवीकडे सात सुट्या काड्या. बोट आधी जुड्यांवर, तोंडाने ‘वीस आणि सात’, मग लिहायचं २७. (बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात असं वाचन दिलं तेव्हा बराच वाद झाला, मला सुरुवातीला ते फार उपयोगी वाटतं.) ‘सत्तावीस’ही सोबत म्हणत राहायचंच. एकोणतीसला जास्त वेळ द्या, तिथे ‘तीस’ ऐकून मुलं ३९ लिहितात. दोन जुड्या, नऊ सुट्या मांडा, आणखी एक काडी द्या आणि तिसरी जुडी त्यांनाच बांधू द्या.