फ्लेक्सवर 'फायनलिस्ट' कोणाला लिहायचं

गेल्या वर्षी आमच्या सिडकोतल्या मंडळाने कॅरम स्पर्धा घेतली, फ्लेक्स छापून आला आणि फायनल हरलेल्या पोराच्या फोटोखाली 'सेमी फायनलिस्ट'. पोरगं हिरमुसलं, त्याची आई तर आम्हाला रस्त्यात धरून बोलली, आणि चूक आमचीच होती.

तर फायनलिस्ट म्हणजे शेवटच्या फेरीत पोचलेला, बस. जिंकला का हरला ते हा शब्द सांगतच नाही. जिंकलेला पण फायनलिस्टच असतो, पण विजेता लिहिलं की बाकीचं आलंच त्यात. हरलेल्याला उपविजेता लिहा. आणि जे फायनलच्या आधीच्या फेरीत हरून बाहेर पडले ते सेमी फायनलिस्ट.

शब्द मुळात लॅटिनचा. फिनिस म्हणजे शेवट, त्यावरून फायनल, आणि मागे टायपिस्ट-आर्टिस्टमधलाच इस्ट. गंमत म्हणजे फिनिश तर सोडाच, दंडाचा फाईन आणि फायनान्स पण याच घरातले, कारण पैसे देऊन भांडण किंवा देणं संपवायचं, विषय फायनल.

मराठीत अंतिम फेरीतला स्पर्धक. सेमीला उपांत्य, पण सेमी म्हणजे अर्धं आणि उपांत्य म्हणजे अंत्याच्या जवळचं, त्यामुळे उगाच 'अर्धअंतिम' वगैरे करू नका. अनेकवचनाला मागे एस लावायची गरज नाही, 'दोन फायनलिस्ट' बरोबर आहे.

किती जण हे खेळावर. कॅरमला दोघं, ऑलिम्पिकच्या १०० मीटरला साधारण आठ. २०१६ ला रिओत आपली ललिता बाबर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, दहावी आली, तरी पक्की फायनलिस्ट. त्याच ऑलिम्पिकला आपल्या चांदवडकडचा, तळेगावचा दत्तू भोकनळ रोइंगची (नाव वल्हवायच्या शर्यतीची) फायनल चक्क जिंकला आणि नंबर तेरावा! कारण तिथे ए, बी, सी अशा फायनल असतात, पदकं फक्त ए ला, ए चे सहा आणि बी चे सहा मोजून झाले की मग सी चा पहिला. म्हणून अशा खेळात नुसतं फायनलिस्ट लिहू नका, कुठली फायनल ते पण लिहा. तेराव्या नंबरची किंमत मी कमी करत नाहीये बरं का, विहिरी खणणारा माणूस तिथवर गेला.

आणि छापायच्या आधी प्रूफ व्हॉट्सअॅपवर मागवा, आमच्या फ्लेक्सवाल्याने यंदा 'उपांत्य'चा अनुस्वारच खाल्ला होता.